'टू-टू आहे ना, मग चालेल': काडतूस आणि चेंबर जुळवताना या चुका टाळा

2024 ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्रॉंझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर टू-टू, म्हणजे .22 रायफल, शिकायला येणारी मुलं वाढली. फार बरं वाटतं. पण रायफल हातात येऊन महिना होत नाही तोच काडतुसांच्या बाबतीत त्याच त्या चुका सुरू होतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे काडतूस आत गेलं की ते जुळलं असं धरून चालणं. .22 शॉर्ट, .22 लाँग रायफल आणि .22 मॅग्नम ही तीन वेगळी काडतुसं आहेत. मॅग्नमची केस, म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी, जाड असल्याने ती लाँग रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेत, शिरत नाही, तिथे रायफलच तुम्हाला अडवते. उलट प्रकार मात्र घातक. लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैलसर जातं, उडतंही, पण केसला भोवती आधार नसल्याने ती फाटते आणि गरम वायू मागे, तोंडाच्या दिशेने येतो. शॉर्ट तर लाँग रायफलच्या चेंबरमध्ये छान बसतं. पण त्याची केस 5 मिलिमीटरने आखूड, त्यामुळे पुढच्या रिकाम्या जागेत काजळीचं आणि शिशाचं कडं साचतं. मग महिनाभराने 'सर, काडतूस अडकतंय' म्हणून माझ्याकडे येतात.

बॅरलवर काय कोरलंय ते वाचा. जुन्या जर्मन रायफलवर 'एलएफबी' अशी अक्षरं दिसली तर गोंधळू नका, ती लाँग रायफलचीच खूण. काडतुसाच्या बुडावर मात्र बहुधा फक्त कंपनीची खूण असते, प्रकार लिहिलेला नसतो. म्हणून सुटी काडतुसं खिशात घेऊन फिरणाऱ्याला मी लाइनवर उभं करत नाही. काडतूस त्याच्या डब्यातच राहिलं पाहिजे.

दुसरी चूक मला अजून झोपेत आठवते. मॅच रायफलचं चेंबर मुद्दाम घट्ट कापलेलं असतं. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, बंद केला की गोळीचं नाक बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत, म्हणजे आट्यांत, रुतून बसतं. एका सरावात वेळ संपली, 'स्टॉप' झालं आणि एका मुलाच्या चेंबरमध्ये न उडालेलं काडतूस राहिलं. त्याने बोल्ट मागे ओढला. केस बाहेर आली, गोळी आतच. बारूदाचे बारीक हिरवट दाणे बोल्टच्या खाचेत सांडले होते. त्याने ते फुंकरीने उडवले आणि पुढची सिरीज सुरू होताच नवं काडतूस हातात घेतलं.

"थांब! ते खाली ठेव आधी."

"सर, काही नाही, थोडी घाण होती."

बोल्ट काढायला लावला आणि मागून बॅरलमध्ये बघितलं. उजेड नाही. मग पुढून क्लीनिंग रॉड घालून हळूच दाबलं, तशी गोळी टक्‌कन मागे माझ्या तळहातावर पडली. नाकावर आट्यांचे ओरखडे उमटलेले. तिच्यामागे दुसरी गोळी सुटली असती तर बॅरलला फुगवटा तरी आला असता, नाहीतर त्याहून वाईट.

तेव्हापासून माझ्या मुलांना सवयच लावली आहे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात नवं काडतूस भरायचं नाही. न उडालेलं बाहेर काढलं तर त्याला गोळी आहे ना, हे बघूनच पुढचा विचार. गोळी नसेल तर रेंज ऑफिसरला हाक मारायची. स्वतः काही करायचं नाही.

बोल्ट जोर लावून बंद करू नका. टू-टूचं स्फोटक मिश्रण रिममध्येच, म्हणजे केसच्या बुडाच्या कडेतच असतं, रिम चेपली तर बोल्ट अर्धवट असतानाच ते पेटू शकतं.

खाली पडलेलं काडतूस पुसून पुन्हा भरू नका. गोळीवरच्या मेणाला वाळू चिकटते.

चेंबरमध्ये तेल ठेवू नका. सफाईनंतर कोरडा कपडा फिरवा.

काडतुसांचा महागडा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, आणला म्हणून ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, लहान होत नाही. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. दोन-तीन लॉटचे दहा-दहा शॉट टेकणीवरून घेऊन बघा, मगच पेटी विकत घ्या. हे सांगितलं की नव्या मुलांचा चेहरा उतरतो, कारण त्यात एक अख्खा रविवार जातो.

आणि ट्रिगर दाबूनही काडतूस उडालं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान तीस सेकंद मोजा. मगच बोल्ट उघडा, तोही चेहरा बाजूला ठेवून.