जुन्या गाडीचा मूळ रंग हाताने साफ करताय? या चुका टाळा

दसरा जवळ आला की कोल्हापुरात शेडमधल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते, मग आपली फियाट किंवा अँबॅसिडरही चमकावी असं वाटणारच. पण कारखान्यातून आलेला रंग अजून टिकून असेल, तर याच घाईत तो जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फडक्यावर उतरलेल्या रंगाला मळ समजणं. या गाड्यांवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो, दिसतो तोच वरचा थर. त्यामुळे पॉलिश लावून पुसलं की फडका गाडीच्याच रंगाचा होतो. तो उन्हाने मेलेला पेंट असतो, थोडा निघाला तर काही बिघडत नाही. मात्र फडका स्वच्छ येईपर्यंत घासत बसलात तर तो कधीच स्वच्छ येणार नाही, आधी प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, वर येईल. मूळ रंगाची जाडी प्राइमर धरून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असते आणि जाडी मोजणारा मीटर ही बेरीजच दाखवतो. म्हणजे वरचा रंग आकड्यापेक्षा कमीच. बॉनेटच्या कडा, मडगार्डची धार, दाराच्या हँडलभोवतीची जागा इथे तो आणखी पातळ. पॉलिश करण्याआधी कडांवर मास्किंग टेप लावा.

कोरडा फडका फिरवू नका. आपल्याकडची तांबडी धूळ, गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उडणारी काजळी, ती घासली की गोल गोल चरे पडतात. आधी नुसतं पाणी सोडा. मग दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. धुणं सावलीतच. बोअरचं पाणी अंगावर वाळू दिलं की क्षारांचे ठिपके राहतात.

कपड्यांची पावडर, रॉकेल, थिनर यांना हातही लावू नका. थिनरने जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट विरघळतो. गॅरेजवाल्याने ‘रबिंग मारून देतो’ म्हटलं, तरी मशीन लावू देऊ नका.

रंग पांढरट, खडूसारखा झालाय? एक कोपरा ओला करून बघा. ओला असताना मूळ रंग दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा पडला, तर थर अजून जिवंत आहे. तिथे कंपाउंड, म्हणजे थर घासून काढणारी पेस्ट, नको. मेग्वायर्स कंपनीच्या नंबर ७ सारखं न घासणारं, तेलकट ग्लेझ (चमक आणणारं पॉलिश) जाड थरात लावा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी मऊ मायक्रोफायबरने हलकेच टिपा. पहिला प्रयोग डिकीच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी. पक्ष्यांच्या विष्ठेवर ओला फडका दहा मिनिटं ठेवा, नखाने खरवडू नका.

खंडेनवमीचं एक सांगावंसं वाटतं. खडूसारख्या रंगात ओलं हळद-कुंकू मुरतं आणि निघता निघत नाही. बॉनेटवर स्वस्तिक काढण्याऐवजी ते काचेवर काढा. हाराची तारही पत्र्याला टेकू देऊ नका.

कुठे प्राइमर दिसलाच, तर तिथला हात लगेच थांबवा. पॉलिश नको, टचअपही घाईने नको. तेवढ्या जागेवर बोटाने नुसतं वॅक्स लावा म्हणजे दमटपणा आत जाणार नाही, आणि पावसाळ्यात अधूनमधून ते पुन्हा लावत राहा.