स्वयंमूल्यमापन घेताय? मग या चुका टाळा

पाचवीच्या वर्गात विचारलं, "अपूर्णांकांची बेरीज कुणाकुणाला येते?" सगळे हात वर. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं, तर निम्म्या वह्यांत उत्तर २/५! लेकरं खोटं बोलली नव्हती, माझाच प्रश्न चुकला होता. स्वयंमूल्यमापन म्हणजे आपल्याला किती जमलं हे मुलानं स्वतःच जोखणं, ते असं विचारून होत नाही.

"येतं का?" असं विचारूच नका. आधी गणित सोडवू द्या, मग उत्तराशेजारी लिहायला सांगा: खात्री आहे, शंका आहे की अडलंय. 'अडलंय' लिहिणारा पोरगा आपण होऊन सापडतो. ज्याला पक्की खात्री आहे आणि उत्तर चुकलंय, त्याची वही मात्र आधी हातात घ्या. एकजण म्हणाला, "वरचे वर मिळवले सर, खालचे खाली." त्याला म्हटलं, अर्धी भाकर खाल्लीस, वर आणखी एक तिसरा हिस्सा खाल्लास, २/५ म्हणजे तर अर्ध्यापेक्षा कमी! खाऊन भाकर कमी कशी भरली रे? त्यानं स्वतःच खोडलं.

दुसरी चूक, निकष न ठरवता तपासायला लावणं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे निबंध मुलांनी एकमेकांचे तपासले आणि अक्षर बघून 'छान' लिहून मोकळे झाले. पुढच्या वेळी मीच दोन निबंध लिहून नेले, एक मुद्दाम कच्चा. फरक मुलांनीच सांगितला, तोही त्यांच्याच शब्दांत: "१७ सप्टेंबर १९४८ ला काय झालं ते कळलं पायजे" आणि "आपल्या भागातलं कुणीतरी त्यात असावं". तेच निकष भिंतीवर लावले.

तिसरं, स्वयंमूल्यमापनाला गुण जोडू नका. २०१० च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाच्या (म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या तपासणीच्या) 'इतर' साधनांत स्वयंमूल्यमापन आहे, पाचवीला आकारिकचा भारांशही त्यात ५० टक्के ठरवला होता. म्हणून आपण त्याचेही आकडे करून टाकतो. पण गुण दिसले की कोण स्वतःला 'अडलंय' लिहील? वर्णनात्मक नोंदीसाठी ते वापरा. हुशार पोरालाच कायम इतरांचा तपासनीस करणं हीही चूकच.

आणि समग्र प्रगती पत्रकातले (मुलाच्या सगळ्या अंगांची नोंद ठेवणाऱ्या प्रगतिपुस्तकातले) मुलांनी स्वतः भरायचे रकाने वर्षाअखेरीस एका बैठकीत भरून घेऊ नका (आपण घेतो, माहीत आहे). आमच्याकडे दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला जातात. जाणाऱ्या मुलांकडून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतो: काय जमलं, कुठं अडलं. कारखाना बंद झाल्यावर एक मुलगी परतली, तेच पान उघडून म्हणाली, "सर, माझं छेद सारखे करायचं राहिलंय."