सोयाबीन विकण्याआधी पेंडीचा भाव विचारा

अतिवृष्टीत ज्यांचं रान पाण्याखाली जातं, त्यांच्यापुढे भावाची चर्चा म्हणजे जखमेवर मीठ. तरीही जे कट्टे घरी येतील ते कधी विकायचे हा प्रश्न सुटत नाही. दिवाळी तोंडावर, काढणी-मळणीची मजुरी द्यायची, हरभऱ्याचं बियाणं आणायचं आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात लातूर, अकोला, वाशीम सगळीकडे आवकेचा लोंढा. 2025-26 साठी हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता. काढणीच्या वेळी बाजार त्याच्या बराच खाली होता.

पारावर गप्पा मात्र तेलाच्या चालतात. खाद्यतेल महागलं, मग सोयाबीन का नाही? याचं उत्तर तेल गाळणाऱ्या प्लांटच्या हिशेबात आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 ते 82 किलो पेंड. निव्वळ हिशेबापुरतं तेल 120 रुपये किलो आणि पेंड 35 रुपये किलो धरा. तेलाचे झाले 2,160 रुपये आणि 81 किलो पेंडीचे 2,835. शंभरातले 57 रुपये पेंडीचे! तेल किलोमागे 10 रुपयांनी चढलं तर क्विंटलला 180 रुपये वाढतात. पेंड किलोमागे 5 रुपयांनी उतरली की 405 जातात. यातून प्लांट आपला गाळपाचा खर्च, वाहतूक आणि नफा काढणार आणि उरलेला आकडा म्हणजे तुमचा भाव.

2024 मध्ये हे डोळ्यांदेखत घडलं. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क सेस धरून 27.5 टक्क्यांवर नेलं. तेल चढलं. सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिलं, कारण पेंड पडलेली होती. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात. तो पेंडीपेक्षा स्वस्त असल्याने कोंबडीखाद्यात पेंडीची जागा खातोय. म्हणजे ज्या इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक मिळालं, त्याच इथेनॉलने सोयाबीनच्या पेंडीला स्पर्धक दिला. दोन्ही पिकं घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पुढे मे 2025 च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आलं आणि तेलाचा आधारही ढिला झाला.

पेंड आणि तेलाचं हे गणित पिकागणिक बदलतं. मोहरीत तेल 40 टक्क्यांच्या आसपास, तिच्याच कुळातल्या कॅनोलात 42 ते 44 टक्के. म्हणून ही दोन्ही पिकं तेलाच्या भावामागे धावतात. 2025 च्या पावसाळ्यात मोहरी हमीभावाच्या वर विकली जात होती, तेव्हा सोयाबीन खाली होतं. पण कॅनोलावाल्यांचंही सुखात चाललंय असं नाही. चीनने मार्च 2025 मध्ये कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि पेंडीवर 100 टक्के शुल्क बसवलं आणि ऑगस्टमध्ये, ऐन काढणीच्या तोंडावर, बियांवर आयातीच्या वेळी भरायची 75.8 टक्के अनामत लावली. कॅनडातल्या विनिपेगच्या वायदेबाजारात, म्हणजे जिथे पुढच्या महिन्यांच्या मालाचे सौदे आजच होतात तिथे, भाव कोसळले. भांडण मुळात कॅनडाने विजेवरच्या चिनी गाड्यांवर लावलेल्या शुल्काचं, भरडला गेला कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा शेतकरी. त्याच काळात चीनने भारतातून मोहरीची पेंड भरपूर उचलली. बीजिंगमधल्या एका निर्णयाने राजस्थानातल्या पेंडीला गिऱ्हाईक मिळतं ते असं.

कॅनडातल्या शेतकऱ्याकडे निदान एक सोय आहे. काढणीनंतरच्या महिन्याचा वायद्याचा भाव त्याला पेरणीच्या वेळीच दिसतो आणि पटला तर थोडा माल तो आधीच बांधून टाकतो. आपल्याकडे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2021 मध्ये सोयाबीन, सोयातेल आणि मोहरीचे वायदे थांबवले. ती बंदी मुदतवाढ मिळत मिळत मार्च 2026 पर्यंत आली होती. महागाई रोखायला हे केलं असं सांगितलं जातं. माझ्या मते यात शेतकऱ्याच्या हातून पुढचं पाहण्याची काच तेवढी गेली.

मग थांबायचं का? इथे जुन्या आठवणी फसवतात. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन 10,000 च्या घरात होतं. केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवा माल आला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव 5,000 च्या आसपास उतरला. ज्यांनी तेव्हा माल धरून ठेवला त्यांना एप्रिल 2022 मध्ये 7,000 च्या वर मिळाले. पण तो भाव साठवणुकीने दिला नव्हता. युक्रेनचं युद्ध आणि इंडोनेशियाने थांबवलेली पाम तेलाची निर्यात यांनी दिला होता. पुढच्या हंगामांत त्याच आशेवर माल ठेवणाऱ्यांना उन्हाळ्यात तसा भाव मिळाला नाही. व्याज गेलं ते वेगळंच.

म्हणून ‘भाव वाढेल का’ यापेक्षा ‘किती वाढला तर मला परवडेल’ हे आधी काढा. समजा आज 4,200 मिळतायत आणि माल धरण्यासाठी तुम्ही सावकाराकडून महिना शेकडा दोनने पैसे उचलले, तर पाच महिन्यांत क्विंटलमागे 420 रुपये व्याज. म्हणजे मार्चमध्ये 4,620 मिळाले तरी हातात काही उरलं नाही. घट आणि उंदीर अजून धरलेच नाहीत. याउलट पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर किमतीच्या 75 टक्के रक्कम 6 टक्के वार्षिक व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. वरच्याच भावाने 3,150 रुपये हातात येतात आणि पूर्ण मुदतीचं व्याज साधारण 95 रुपये. थांबायचंच असेल तर असं थांबा. सहा महिन्यांनंतर व्याजाचा दर वाढतो, तारीख पावतीवर बघून ठेवा. तुमची बाजार समिती योजना राबवते की नाही हे मात्र माल भरण्याआधी विचारा, सगळ्या राबवत नाहीत.

सगळा माल एकदम विकू नका आणि सगळा धरूनही ठेवू नका. देणी भागतील एवढा आत्ता काढा, उरलेल्याचे दोन भाग करून एक जानेवारीत आणि एक मार्चपर्यंत. दक्षिण अमेरिकेतलं पीक फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागतं, तेव्हा जगभरच्या पेंडीवर दाब येतो. त्यामुळे जानेवारीतला भाग लांबवू नका.

ओलाव्याचं गणित घरीच करता येतं. 16 टक्के ओलाव्याचं 100 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर वाळवलं की साडेपंच्याण्णव किलो भरतं. 4,200 च्या भावाने ही घट 190 रुपयांची. व्यापारी ओलाव्यापोटी याहून जास्त कापत असेल तर ताडपत्रीवर दोन ऊन दाखवून मग न्या. 100-150 च कापत असेल तर वाळवण्याचे कष्ट कशाला? पावसात भिजलेला डागी माल मात्र चांगल्यात अजिबात मिसळू नका. मळणीच्या वेळीच वेगळी थप्पी लावा, नाहीतर सगळ्या मालाला डागी मालाचा भाव लागतो.

हमीभावाच्या खरेदीसाठी ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणि काडीकचरा-माती 2 टक्क्यांच्या आत लागते. 2024 मध्ये ओलाव्याची मर्यादा एका हंगामापुरती 15 टक्के केली होती. तसा लेखी आदेश हाती येईपर्यंत 12 धरूनच चाला. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद एवढं तयार ठेवा. पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, हे आजच बघा. खरेदी केंद्रावर नोंदणी झाल्यावर मोबाईलवर तारखेचा संदेश येतो. तो आल्याशिवाय गाडी भरू नका, नाहीतर केंद्राबाहेर थांबलेल्या ट्रॅक्टरचं भाडं तुमच्याच माथी.