रस्टमध्ये क्लोन न करता फील्ड बाहेर काढा

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत '&म्यूट सेल्फ' (बदलता येईल असा उसना संदर्भ) घेणाऱ्या मेथडमधून स्ट्रक्टच्या फील्डमधली स्ट्रिंग किंवा व्हेक्टर (यादी) बाहेर काढायला गेलात की कंपायलर ई०५०७, म्हणजे 'उसन्या व्हॅल्यूमधून मालकी हलवता येत नाही' ही एरर, दाखवून अडवतो. लगेच '.क्लोन()' चिकटवू नका, मोठ्या व्हेक्टरची उगाच आख्खी नक्कल होते.

१. वर 'यूज एसटीडी::मेम;' लिहा.
२. 'लेट यादी = मेम::टेक(&म्यूट सेल्फ.यादी);' लिहा. मालकी तुमच्याकडे येते, फील्डमध्ये रिकामा व्हेक्टर राहतो.
३. टाइपला 'डिफॉल्ट' (आपोआप मिळणारी ठरावीक व्हॅल्यू) नसेल तर 'मेम::रिप्लेस' घ्या आणि बदली व्हॅल्यू स्वतः द्या. फील्ड ऑप्शन (व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा टाइप) असेल तर सरळ '.टेक()', एवढा खटाटोपच नको.

यादी नंतर परत ठेवणार असाल तर मधल्या '?' वर (एरर आली की फंक्शनमधून लगेच परतवणारं चिन्ह) नजर ठेवा. तिथूनच फंक्शन परतलं तर फील्ड रिकामंच राहतं, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.