दोन बोटं रुंदीच्या चिंध्यांचा चौकोन

गोधडीसाठी जुन्या धोतराचा १० इंची चौकोन कापा. मधोमध तिरकी एक पट्टी सुलट ठेवा, तिच्यावर दुसरी उलटी. कडेपासून पाव इंच सोडून शिवा, उलगडा, शिवण नखाने दाबा. असं कोपऱ्यांपर्यंत भरून चौकोन साडेनऊ इंचांवर छाटा. पट्ट्या आडव्यातिडव्या कापलेल्या असल्या तरी खालचं धोतर ताण धरतं. एक इंचाहून अरुंद पट्टी मात्र नको, अर्धा इंच शिवणीतच जातो.

कोरं सुती कापड आधी भिजवून वाळवाच. नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच तुकडा आटतो आणि भोवती चुण्या पडतात. लाल चिंधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का पाहा. धावदोरा जोडाच्या शेजारून घाला, जोडावर पदर वाढून सुई अडते.