वजन तेवढंच, मग ब्लाऊज का उसवावा लागतो?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या भिशीत हा प्रश्न आता दर महिन्याला निघतो. सगळ्याजणी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या. काटा जेमतेम किलोभर हललेला, पण कंबर सुटलेली. चूक होते ती काट्यावर विसंबण्यात. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं आणि एरवी मांड्यांवर बसणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. स्नायूही झिजतात, म्हणून वजनात ते दिसत नाही. पोटातल्या या चरबीमुळे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. शिवणाच्या डब्यातली टेप काढा. परकर बांधतो तिथे नको. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच.

दुसरा घोळ रिपोर्टचा. उपाशीपोटी साखर 100 ते 125 किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 5.7 ते 6.4 टक्के आलं की घरात म्हणतात, 'बॉर्डरलाइन आहे, काही नाही.' हीच तर सावरायची वेळ! त्यात आणखी एक मेख आहे. पाळी जाण्याआधी कित्येकींना महिनोन्महिने जास्त रक्तस्राव होतो, अंगातलं लोह संपतं. लोह कमी असलं की एचबीए1सी खऱ्याहून जास्त दिसू शकतं. नुकतंच बरंच रक्त गेलं असेल तर उलट कमीही दिसतं. तेव्हा तो एकच आकडा धरून बसू नका. हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, सगळे कागद डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. कोलेस्टेरॉलचा पाच वर्षांपूर्वीचा चांगला रिपोर्टही आता कामाचा नाही, कारण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, याच काळात चढतं.

खाण्याचं म्हणाल तर पोह्यांना शिव्या देऊ नका, इंदूरात राहून ते शोभतही नाही. पण पोहे, वर शेव, शेजारी जिलबी आणि प्रथिनांच्या नावानं शून्य, हे रोजचं नको. मूठभर मोडाचे मूग घाला, वाटीभर दही घ्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. आणि माळव्याच्या शेतात सोयाबीन पिकतं, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, तरी आपल्या ताटात ते क्वचितच येतं. सोयाबीनच्या वड्यांचं जवळजवळ निम्मं वजन प्रथिनांचंच असतं.

नेहरू पार्कातल्या फेऱ्या चालू ठेवा, पण स्नायूंना ओझंही हवं. आठवड्यातून दोनदा, हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस, भरलेल्या बाटल्या उचलणं. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

थकवा, बद्धकोष्ठ, सारखी थंडी वाजणं हे सगळं 'वयाचं' म्हणून सोडू नका, थायरॉइड तपासा. आणि सलग बारा महिने पाळी न येता पुन्हा एक डाग जरी दिसला, तर भिशीत विचारायचं नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ.