डोकं भिंतीला टेकेचना!
घरून काम सुरू झालं तसा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि मी त्याच्यावर वाकलो. संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत दोरी पिळल्यासारखं व्हायचं. बाम झाला, उशी बदलून झाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीला पाठ लावून उभं केलं, तर डोकं भिंतीला टेकेचना! डोक्याचं वजन साधारण ५ किलो. ते पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू दिवसभर ताणून धरतात आणि आखडतात. मग लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला (शेवटी कामी आले), कीबोर्ड वेगळा घेतला. दर अर्ध्या तासाने उठून हनुवटी १० वेळा सरळ मागे ओढायची. बायको म्हणते, कबुतर दिसतोस. दीड महिन्याने डोकं टेकलं. उजवा खांदा अजून कुरकुरतो.